बिनपगारी गडी आणि अब्जावधी मजूर

लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या एका बाईंना १९७१ साली वाटलं, शनिवार-रविवार खेड्यात जावं, मातीत हात घालावेत. अडचण एकच. खेड्यात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. ना मामाचा गाव, ना आत्याचा मळा. मग सू कॉपर्ड यांनी ससेक्समधल्या इमर्सन कॉलेजच्या शेताशी एक सौदा ठरवला. शहरातून काही माणसं येतील, सांगाल ते काम करतील, पैसे घेणार नाहीत. जेवण आणि अंथरूण तेवढं द्यायचं. पहिल्या खेपेला मोजून चार जण गेले.

आज तोच सौदा शंभराहून अधिक देशांत चालतो. ‘वूफ’ म्हणतात त्याला. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, बदल्यात मुक्काम आणि जेवण. हातात एक पैसा पडत नाही, वर प्रवासखर्चही आपलाच! पदरमोड करून दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढायला माणसं का बरं जात असतील?

हवापालट, मनःशांती वगैरे उत्तरं मिळतात. त्यांत तथ्य असेलही. पण मला विचाराल तर खरी मौज वेगळीच आहे. तुम्ही गडी म्हणून राबायला जाता आणि हळूहळू ध्यानात येतं, की छोट्या शेतावरच्या कामात माणसाचा वाटा अगदीच किरकोळ आहे. माणूस दारं उघडतो, ओझी वाहतो, वेळ सांभाळतो. बाकीचं काम करणारे मजूर दिसतच नाहीत. त्यांची गाठ घ्यायची तर पहाटे गोठ्यात शिरायला हवं.

समजा, ससेक्समधलंच एक छोटं शेत आहे. दोन-तीन जर्सी गायी, एक कालवड, थोडी कुरणं, भाजीचे वाफे, कोंबड्या. तुमच्या हाती फावडं आणि ढकलगाडी दिलीय. शेण ओढायला लागण्याआधी दोन मिनिटं गायीच्या मानेकडे बघा. ती रवंथ करतेय. खालचा जबडा आडवा फिरतोय. पन्नासेक वेळा फिरला, की ती गिळते. आता नजर हलवू नका. तीन-चार सेकंद काहीच होत नाही. मग एक गोळा मानेतून वर सरकताना स्पष्ट दिसतो आणि जबडा पुन्हा सुरू. दिवसातले सात-आठ तास हे असंच चालतं. जबड्यात वाकून पाहायची संधी मिळाली तर आणखी एक गंमत कळेल. वरच्या बाजूला पुढचे दात नाहीतच. तिथे नुसती टणक हिरडी आहे.

गाय गवत खाते, हे आपण पहिलीच्या पुस्तकापासून ऐकत आलो. आता हे ऐका: गायीला गवत पचवता येत नाही! तुम्हाआम्हाला जितकं येत नाही, तितकंच तिलाही. गवताचा मुख्य ऐवज म्हणजे सेल्युलोज, आणि ते तोडणारं एन्झाइम गायीचं शरीर बनवतच नाही. मग एवढा धिप्पाड देह नुसत्या चाऱ्यावर पोसला जातो तो कसा?

तिच्या पोटाचा पहिला कप्पा मोठ्या गायीत शंभर लिटरहून मोठा असतो. इडलीचं पीठ रात्रभर आंबतं, तसं तिथे गवत आंबतं. फरक इतकाच, की हे पीठ कधी संपत नाही, पातेलं कधी घासलं जात नाही, आणि कोवळ्या वयात एकदा सुरू झालेलं आंबणं गायीच्या शेवटच्या श्वासापर्यंत चालू राहतं. या कप्प्यातल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये किती जीवाणू असतील? हजार कोटींच्या घरात. म्हणजे पृथ्वीवर जितकी माणसं आहेत त्यांहून जास्त, आणि तेही पाव चमच्यात! गवत तोडतात ते हे. त्यातून जी आम्लं तयार होतात ती गाय पोटाच्या भिंतीतून शोषून घेते आणि त्यांच्यावर जगते.

पण एवढी आम्लं साठली तर जीवाणू जगतील कसे? म्हणून तर रवंथ. चावताना सुटणाऱ्या लाळेत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असतो, आणि दुभती गाय अशी लाळ दिवसाला शंभर लिटरच्या वर गिळते. आळशीपणाने बसून तोंड हलवणारी ती गाय प्रत्यक्षात आपल्या पाळीव जंतूंना जिवंत ठेवायच्या कामात गुंतलेली असते.

एवढी बडदास्त फुकटची नाही. हे जीवाणू पाण्याबरोबर वाहत पुढच्या कप्प्यांत जातात. तिथे खरं जठर असतं, आणि त्यात जीवाणूंची आवरणं फोडणारं खास एन्झाइम असतं. ज्यांना पोसलं त्यांनाच गाय पचवते. तिला मिळणाऱ्या प्रथिनांतला मोठा भाग या जीवाणूंच्या देहांतून येतो. आता सांगा, गायीला शुद्ध शाकाहारी म्हणायचं का?

(त्याच कप्प्यात मिथेनही तयार होतो आणि ढेकरेवाटे हवेत जातो. पृथ्वीच्या तापमानाला तो मुळीच परवडणारा नाही. अचंब्याच्या भरात हे विसरून चालणार नाही.)

शेण भरून झालं, आता धार. नवख्या माणसाला वाटतं, कासेत दूध भरलेलं असतं आणि सड ओढला की ते बाहेर येतं. एकतर ओढायचं नसतंच. अंगठा आणि तर्जनीने सडाचा वरचा भाग आवळायचा, म्हणजे दूध मागे जायची वाट बंद होते. मग मधलं बोट, मग अनामिका, मग करंगळी, अशी एकेक मिटत न्यायची. पहिल्या एक-दोन धारा वेगळ्या भांड्यात घेऊन निरखायच्या. त्यात गुठळ्या दिसल्या तर दगडी झाल्याची शंका घ्यायची आणि घरधन्याला हाक मारायची.

आणि दुसरं म्हणजे, कासेतलं बरंचसं दूध सडाजवळ नसतंच. ते वर, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. कितीही पिळा, ते खाली येत नाही. ते सोडायचं की नाही, हे गायीचा मेंदू ठरवतो.

कास कोमट पाण्याने धुतली, हात फिरवला, की त्या स्पर्शाची खबर मेंदूला पोहोचते. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. ते रक्ताबरोबर वाहत कासेपर्यंत येतं, पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध खाली उतरतं. याला मिनिटभर लागतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. तो वासरू सोडतो, कासेला ढुशा बसू देतो आणि पान्हा फुटला की मगच चरवी पुढे करतो. सवयीच्या गायीला तर बादलीचा खणखणाट ऐकूनही पान्हा फुटतो. पण त्याचा जोर जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात नवख्याचे हात भरून आले, तर उरलेलं दूध राहिलं कासेतच!

गाय बिथरली तर काय होतं? १९४१ साली अमेरिकेतल्या एली आणि पीटरसन या शास्त्रज्ञांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गायीच्या पाठीवर चक्क मांजर बसवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फोडल्या. गायीने पान्हा चोरला. भ्यायलेल्या शरीरातलं ॲड्रेनॅलिन ऑक्सिटोसिनचा डाव उधळतं. गोठ्यात आरडाओरडा करू नये, हा जुन्या माणसांचा दंडक होता. त्याच्या पाठीशी एवढं रसायनशास्त्र उभं आहे. आणि ते पांढरंशुभ्र एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून रक्त किती फिरावं लागतं? चारशे ते पाचशे लिटर. बादली उचलताना हा आकडा आठवला तर एक थेंबही सांडायची हिंमत होणार नाही.

आता ढकलगाडी. शेण आणि मुताने भिजलेला पेंढा भरून तुम्ही शेताच्या कोपऱ्यातल्या ढिगावर नेता. ही जागा मला साऱ्या शेतात सगळ्यात थरारक वाटते. लोक तिला उकिरडा म्हणून नाक मुरडतात, म्हणोत बापडे.

एक लोखंडी सळई घ्या, ताज्या ढिगाच्या पोटात खुपसा, दहा मिनिटं थांबा. बाहेर काढून हळूच हात लावा. चटका बसतो! खाली विस्तव नाही, वर ऊन नाही. बाहेर कदाचित बर्फ पडत असेल. तरी ढिगाच्या आत ६० ते ६५ अंश सेल्सिअस. हा ताप जीवाणूंच्या खाण्याचा आहे. आपण जेवतो तेव्हा आपलंही अंग उष्ण राहतं. इथे अब्जावधी एकाच वेळी जेवताहेत आणि पेंढ्याच्या जाड गोधडीतून ऊब बाहेर निसटत नाही.

ताप वाढला, की तो पेटवणारे पहिले जीवाणूच त्यात मरू लागतात. मग ज्यांना ही गरमी मानवते अशी दुसरी जमात कामावर येते. तिच्या कारकिर्दीत तणांचं बी भाजून निघतं, रोगजंतू मरतात. खाणं संपलं की ढीग निवतो आणि पहिले परत येतात. पाठोपाठ बुरश्या, गांडुळं. तुम्ही काय करायचं? दोन गोष्टी. एक, मेळ राखायचा: नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण तीस. शेणात नत्र भरपूर, पेंढ्यात कर्ब भरपूर, म्हणून थरावर थर. दुसरी, ढीग खालवर करायचा, कारण आतल्या मंडळींना श्वास घ्यायला हवा लागते. हवा संपली की दुर्गंध सुटतो. नाक हेच इथलं मापकयंत्र.

हे तंत्र त्या इंग्रजी कोपऱ्यात आलं कुठून? इथे मला थेट होळकरांच्या इंदूरला यावं लागतं.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसाला आले. आले होते हिंदुस्थानी शेतकऱ्याची शेती सुधारायला. काही वर्षं बांधावर उभं राहून पाहिल्यावर त्यांनी उलटाच पवित्रा घेतला: इथला शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले प्राध्यापक, असं ते पुढे लिहून गेले. १९२४ मध्ये पत्नी गॅब्रिएल यांच्यासह ते इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये आले. गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. नाव मात्र नवऱ्याचंच जास्त झालं.

इंदूरपुढचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात. मग शेताला खत कुठून आणायचं? हॉवर्डनी चीनच्या शेतकऱ्यांची रीत वाचली होती, इथली पाहिली होती. दोन्हींच्या आधाराने त्यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करायची पद्धत बसवली. पऱ्हाट्या, पाला, तण, जे हाती येईल ते बैलांच्या पायाखाली अंथरायचं. ते तुडवलं जातं, मुताने भिजतं. गोठ्याची मुतात मुरलेली मातीही खणून घ्यायची. तिच्यातलं नत्र वाया घालवायचं नाही. थोडी राख, शेणकाला, पाणी. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल मात्र जेमतेम दोन-तीन फूट, म्हणजे तळापर्यंत हवा खेळते. तीनदा खालवर करायचं. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्डा तुंबतो, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग.

हे सगळं १९३१ साली ऑक्सफर्डने छापलेल्या पुस्तकात तपशिलाने आलं, आणि त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत. एक हॉवर्ड. दुसरं यशवंत वाड, संस्थेच्या रसायन विभागातले मुख्य सहायक. पहिलं नाव जगभर गेलं. दुसरं आपल्याकडेही किती जणांना ठाऊक आहे?

त्यानंतरची साखळी भराभर सांगतो. हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९४० साली त्यांनी ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ लिहिलं. त्यांच्या विचारांनी भारलेल्या ईव्ह बॅल्फर यांचं ‘द लिव्हिंग सॉइल’ १९४३ मध्ये आलं, आणि १९४६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सॉइल असोसिएशन उभी राहिली. इंग्लंडातल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा कणा तोच. हा एकमेव पूर्वज नव्हे. इमर्सन कॉलेजची घडण रुडॉल्फ स्टायनर यांच्या शेतीवरच्या १९२४ मधल्या व्याख्यानांच्या परंपरेतली. पण दोन्ही ओढे एकत्र मिसळले त्या पाण्यात सू कॉपर्ड यांचा शनिवार-रविवार रुजला. ससेक्सच्या ढिगावर फावडं मारणाऱ्या पोराला ठाऊकही नसतं, की तो माळव्यातल्या बैलांच्या गोठ्याचं देणं फेडतोय.

खत पिकलं हे कसं ओळखायचं? मूठभर घ्या आणि हुंगा. वळवाचा पहिला पाऊस! तोच वास, आणि साधर्म्य योगायोगाचं नाही. मातीतले स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जीवाणू जिओस्मिन हे द्रव्य बनवतात. पहिल्या सरीनंतर दरवळतं ते आणि पिकलेल्या खतातून येतं ते, एकच. आपलं नाक त्याला विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी भागांत चार-पाच भाग असले तरी आपल्याला कळतं. पण जीवाणूंनी हा वास बनवावाच कशाला? कवींसाठी तर नक्कीच नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा एक उलगडा मिळाला: मातीतले उड्या मारणारे बारीक किडे, स्प्रिंगटेल, या वासाने खेचले जातात, जीवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून, विष्ठेतून, दूरवर पसरवतात. आपण ज्या गंधाने व्याकूळ होतो, तो मुळात किड्यांना धाडलेला जेवणाचा सांगावा आहे.

दुपारी बहुधा वाफ्यात नेतात. कांद्यातलं तण काढणं मला कधीच अद्भुत वाटलेलं नाही. पाठ मोडते, बस्स. त्यापेक्षा कुरणात गायींचं कुंपण हलवायचं काम मागून घ्या आणि तिथे तीन पानी क्लोव्हरचं एक रोप अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. भुईमूग उपटल्यावर आपल्याकडे दिसतात तशाच. एक गाठ फोडा.

आत गुलाबी! वनस्पतीच्या पोटात रक्ताचा रंग कुठून आला? तो खरोखर रक्ताच्याच नात्यातला आहे. त्यात लेगहिमोग्लोबिन असतं, आपल्या हिमोग्लोबिनचं भावंड. गाठीत राहणारे जीवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. मात्र ज्या एन्झाइमने ते हे करतात, ते प्राणवायू लागताच निकामी होतं. आणि प्राणवायूशिवाय जीवाणूंचाही श्वास चालत नाही. कसा सोडवायचा हा पेच? झाड हिमोग्लोबिन बनवतं. ते प्राणवायूला धरून ठेवतं आणि लागेल तितकाच जीवाणूंच्या हवाली करतं. युरियासाठी हेच नत्र कारखान्यात पकडायला ४०० अंशांच्या पुढचं तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. इथे ते गार ओल्या मातीत, बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठीत, निमूट चाललंय. ते नत्र क्लोव्हरच्या पानात, पान गायीच्या पोटात, तिथून दुधात आणि शेणात. सकाळची ढकलगाडी आठवते ना?

दिवस कलला की कोंबड्या. त्यांना हाकावं लागत नाही. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, म्हणून त्या आपणहून खुराड्यात शिरतात. तुम्ही फक्त दार लावायचं, कोल्ह्याच्या आधी. आत एखादी कोंबडी उद्याच्या अंड्याचं कवच घडवत असेल. त्याला वीसेक तास लागतात आणि दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. एवढं एका रात्रीत आणायचं कुठून? दाण्यातून पुरेसं मिळत नाही तेव्हा ती स्वतःच्या हाडांतून काढते. त्यासाठी पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत तिने खास राखीव साठाच केलेला असतो. शिंपल्यांचा चुरा टाकायचा तो हा साठा भरायला. दिवस मोठा झाला, आता अंडी घालायला हवीत, हेही तिला नुसतं डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून झिरपणारा उजेड ओळखणाऱ्या पेशी तिच्या मेंदूतच आहेत. आणि सकाळी उचललेली अंडी लगेच धुऊ नका. कवचाला हजारो छिद्रं असतात, ती झाकणारा एक अदृश्य लेप कोंबडीने वरून दिलेला असतो. तुमच्या साबणापेक्षा तो भरवशाचा.

जायचं मनात आलंच असेल, तर इंग्लंडच गाठायला हवं असं नाही. भारतातही असे यजमान आहेत. परदेशी जाणार असाल तर व्हिसाचे नियम आधी वाचा, कारण पर्यटक म्हणून जाऊन असं बिनपगारी कामसुद्धा पुष्कळ देशांत चालत नाही. तास किती, सुट्टी कधी, झोपायचं कुठे, हे पत्रातच स्पष्ट विचारा. फुकट राबणारा माणूस मिळाला की त्याला पिळून घेणारे यजमानही असतात. तिथून खुशाल निघून या. गुडघ्यापर्यंतचे गमबूट न्या. क्लोव्हरच्या गाठी फोडायला खिशात छोटा चाकू असू द्या, नखांवर भिस्त ठेवू नका. नखं कापूनच जायचं. गायीला ती बोचतात, आणि पान्हा चोरायला तिला तेवढं निमित्त पुरतं.